संदर्भ उघडून पाहिलास का?

पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी एआय वापरावं का, हा वाद आता पुरे. ते वापरतात. जयसिंगपुरात वापरतात, कोल्हापुरात वापरतात, पुण्या-मुंबईत तर वापरतातच. गाइडला दाखवायच्या प्रकरणाचं इंग्रजी सुधारायला वापरतात, प्रश्नावली बनवायला वापरतात, सॉफ्टवेअरनं काढून दिलेला तक्ता समजून घ्यायला वापरतात आणि संदर्भसूची लांबवायलाही वापरतात. हे कसं वापरायचं ते त्यांना शिकवलं कुणी, हा खरा प्रश्न. बहुतेकांना कुणीच शिकवलेलं नाही. मित्रानं मोबाइलवर दाखवलं, यूट्यूबवर एक व्हिडिओ पाहिला, एवढंच शिक्षण.

आणि जिथे शिकवतात तिथे काय शिकवतात? एकदिवसीय कार्यशाळा असते. सकाळी दीपप्रज्वलन, दुपारी संशोधनाला उपयोगी पडणाऱ्या टूल्सची यादी, संध्याकाळी प्रमाणपत्र. टूल्सची नावं वर्षभरात शिळी होतात, प्रमाणपत्र तेवढं फाइलला लागून राहतं. दिवसभरात एकही वक्ता समोरच्या मुलीला उभं करून विचारत नाही की बाई, यंत्रानं हे सांगितलं, पण ते खरं आहे हे तू कशावरून ठरवलंस?

चौकट तयार आहे, नवी बांधायला नको. विद्यापीठ अनुदान आयोगानं डिसेंबर २०१९ मध्ये संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये सक्तीचा केला. अभ्यासक्रम चांगला आहे. बनावट डेटा, वाङ्मयचौर्य, पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं, सगळं त्यात आहे. पण चॅटजीपीटी लोकांच्या हातात आलं ३० नोव्हेंबर २०२२ रोजी. अभ्यासक्रम लिहिला त्या वेळी हा प्रश्नच टेबलावर नव्हता. मग त्या तीस तासांतले सहा-सात तास या विषयाला द्यायला कुणाच्या परिपत्रकाची वाट बघायची? शिकवणाऱ्या माणसानं ठरवलं तर पुढच्या बॅचपासून होतं.

होत नाही, कारण आपल्याकडे नीतिमत्ता टक्क्यांत मोजायची सवय लागली आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत साम्याच्या पायऱ्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचं. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर प्रबंध देता येत नाही. साठच्या वर गेलं की नोंदणी रद्द. नियमामागचा हेतू चोरी रोखण्याचा होता. विद्यार्थ्यांनी त्यातून धडा घेतला तो टक्के उतरवण्याचा. शब्द बदला, क्रम फिरवा, पुन्हा तपासा, नऊ टक्के आले की बाइंडिंगला टाका. मजकूर समजला का, हे कुणी विचारत नाही आणि विचारायला सॉफ्टवेअरला येत नाही.

ही टक्के उतरवण्याची कला कुठवर गेली ते बघा. फ्रान्समधल्या तुलूझचे संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये छापील शोधनिबंधांतून असे शब्दप्रयोग गोळा केले, जे कुठल्याही शास्त्रात नाहीत. 'ब्रेस्ट कॅन्सर'च्या जागी 'बुझम पेरिल'. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस'. शब्द बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरनं साम्य लपवण्यासाठी शास्त्रातल्या ठरलेल्या संज्ञाही फिरवल्या होत्या. लेखकानं वाचलं नाही, परीक्षकानं वाचलं नाही, संपादकानं वाचलं नाही, आणि निबंध छापून आला. आजचं एआय असली बावळट चूक करत नाही. ते सफाईनं, व्याकरणशुद्ध, एकही शब्द जुळू न देता लिहून देतं. म्हणजे साम्याच्या टक्क्यांनी चोर सापडायचे दिवस गेले.

यावर कॉलेजांनी काय उपाय काढला? आणखी एक टक्का. मजकूर किती टक्के एआयनं लिहिला ते सांगणारं सॉफ्टवेअर. इथे मला ठामपणे सांगायचं आहे की निव्वळ त्या आकड्यावर कुठल्याही विद्यार्थ्याला शिक्षा करणं हा अन्याय आहे. ज्यांनी चॅटजीपीटी बनवलं त्या ओपनएआय कंपनीनंच स्वतःचं असं ओळखयंत्र अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात ओळखयंत्रं तपासली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतःच्या हातानं लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले. या यंत्रांनी सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरवले. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे बरोबर ओळखले.

कारण समजून घ्या, म्हणजे शिरोळ तालुक्यातल्या पोरांचं काय होणार ते कळेल. परक्या भाषेत लिहिणारा माणूस ओळखीचे शब्द वापरतो, सरळ वाक्यं करतो, धाडस करत नाही. यंत्राला अशी बेताची, अपेक्षित भाषा यंत्राचीच वाटते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, कुरुंदवाड किंवा दत्तवाडहून एसटीनं जयसिंगपूरच्या कॉलेजात आलेली आणि पुढे शिवाजी विद्यापीठात पीएचडीला नोंदणी केलेली मुलगी असंच इंग्रजी लिहिते. तिनं रात्र जागून स्वतः लिहिलेलं प्रकरण लाल होऊन परत येणार, आणि पैसे देऊन सफाईदार इंग्रजी लिहून घेतलेला सहीसलामत सुटणार. हे शिस्तीच्या नावाखाली चालू द्यायचं नाही.

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. खोटे संदर्भ.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे प्राप्तिकर आकारणीचं एक प्रकरण आलं. आकारणीच्या आदेशात ज्या तीन न्यायनिवाड्यांचा आधार घेतला होता, ते निवाडेच अस्तित्वात नव्हते. न्यायालयानं आदेश रद्द केला आणि बजावलं की एआयच्या युगात यंत्रानं दाखवलेल्या निकालांवर डोळे झाकून विसंबू नये, वापरण्याआधी ते पडताळून घ्यावेत. हे कुठल्या नवशिक्या विद्यार्थ्याचं गृहपाठाचं पान नव्हतं, सरकारी अधिकाराचा आदेश होता. तिथे हे होतं, तर एकट्यानं, घाईनं, नोकरीच्या मुलाखतीची तारीख डोक्यावर घेऊन लिहिल्या जाणाऱ्या प्रबंधात काय होत असेल?

यंत्र असं का करतं हे शिकवायला अर्धा तास पुरतो, आणि तो अर्धा तास टूल्सच्या सगळ्या याद्यांपेक्षा मोलाचा आहे. हे यंत्र मुळात पुढचा शब्द कुठला असावा याचा अंदाज बांधत जातं. लाखो संदर्भसूच्या वाचल्यामुळे संदर्भ कसा दिसतो हे त्याला नेमकं माहीत आहे. लेखकाचं आडनाव, वर्ष, नियतकालिक, खंड, पानं. सगळं जागच्या जागी. काही यंत्रं आता इंटरनेटवर शोधूनही देतात, पण शोधून दिलेला निबंध खरा असला तरी यंत्र जे म्हणतं ते त्यात असेलच असं नाही. संदर्भ आहे की नाही हे एक, आणि संदर्भात ते वाक्य आहे की नाही हे दुसरं. दोन्ही बघावं लागतं, आणि ते माणसालाच बघावं लागतं.

हे शिकवायला जयसिंगपूरसारखी जागा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी आपले जन्मदाते वडील, कागलचे जयसिंगराव घाटगे, यांच्या नावानं हे गाव आखून वसवलं. सरळ रस्ते, आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या. विद्यार्थ्यांना सांगा की गावाच्या इतिहासावर दोन पानं यंत्राकडून लिहून घ्या, संदर्भांसकट. मग तपासायला बसवा. हिमाचल प्रदेशात कांगडा जिल्ह्यात याच नावाचं गाव आहे, त्याची माहिती यात घुसली का? साताऱ्याचे छत्रपती शाहू, शिवरायांचे नातू, आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू, यांची सरमिसळ झाली का? शाहू महाराज १८८४ मध्ये दत्तक गेले, म्हणून वडिलांच्या नावाचा घोळ झाला का? आणि सर्वांत पक्की परीक्षा म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कोल्हापूर खंड. तो १८८६ मध्ये छापला गेला. तेव्हा शाहू महाराज जेमतेम बारा वर्षांचे होते आणि गादीवर बसायला आठ वर्षं होती. जयसिंगपूरच्या बाजारपेठेसाठी कुणी त्या खंडाचा हवाला दिला, तर तो हवाला खोटा आहे हे खंड न उघडताही सांगता आलं पाहिजे. ज्याला हे सांगता येतं त्याला चिकित्सा येते. पुढे त्याला कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात न्या, मोडी कागदाची घडी उलगडून दाखवा. इतिहासाचार्य राजवाडे 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनं' छापायला लागले १८९८ मध्ये, त्याआधी आणि नंतरही कागदांसाठी गावोगाव हिंडले. आमच्याकडे मूळ कागदाशिवाय बोलू नये ही शिस्त सव्वाशे वर्षांची आहे. ती आम्ही परदेशातून मागवायची गरज नाही.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही हेच लागू आहे, आणि इथे चुकीची किंमत जास्त आहे. शिरोळ तालुक्याची मोठी जखम म्हणजे क्षारपड जमीन. उसाला पाण्यावर पाणी, निचरा नाही, खतांचा मारा, आणि जमिनीवर पांढरा थर. या प्रश्नावर इथल्या कॉलेजांतून प्रकल्प होतात, शोधनिबंध होतात. आता एखाद्या विद्यार्थ्यानं यंत्राला विचारलं की खराब जमीन कशी सुधारायची, तर उत्तर झटकन येईल, त्यात जिप्सम असेल, सेंद्रिय खत असेल, निचरा असेल, हिरवळीचं खत असेल. वाचायला छान. पण क्षारयुक्त जमीन वेगळी आणि चोपण जमीन वेगळी. क्षारयुक्त जमिनीत विद्राव्य क्षार जास्त असतात, सामू साधारण ८.५ च्या आत असतो, तिथे चांगल्या पाण्यानं क्षार धुऊन काढायचे आणि ते पाणी बाहेर काढायला निचरा करायचा. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, सामू ८.५ च्या वर जातो, तिथे जिप्सम लागतं. क्षारयुक्त जमिनीवर नुसतं जिप्सम टाकलं तर शेतकऱ्याचे पैसे मातीत जातात. शिवाय दोन्ही दोष एकत्र असलेल्या जमिनी आहेतच. तेव्हा आधी मातीचा नमुना, मग सामू आणि विद्युतवाहकता, मग सोडियमचं प्रमाण, आणि मग उपाय. हा क्रम यंत्राला 'माहीत' असेलही, पण समोरच्या रानात काय आहे हे त्याला माहीत नाही. श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं इथे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून क्षारपड रानं पुन्हा पिकाखाली आणली गेली. ते पाइप किती खोलीवर आहेत, पाणी कुठे सोडलंय, पहिलं पीक कोणतं घेतलं, हे विचारायला बांधावर जावं लागतं. सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर ते आहे. तिथे न जाता क्षारपडीवर पाचशे शब्दांची प्रस्तावना तयार करणारा विद्यार्थी संशोधक नाही, आणि त्याला तसं करू देणारा गाइड मार्गदर्शक नाही.

नीतिमत्तेचा भाग याहून नाजूक आहे आणि त्यावर सर्वांत कमी बोललं जातं. गळीत हंगाम सुरू झाला की बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड कुटुंबं आपल्या फडात येतात. समाजशास्त्राच्या, समाजकार्याच्या विद्यार्थिनी त्यांच्या कोप्यांवर जाऊन मुलाखती घेतात. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, त्यावर सरकारी समिती बसली. म्हणजे या मुलाखतींत काय काय बोललं जातं याची कल्पना करा. आजारपण, उचल, मुकादम, नवऱ्याची मारहाण. ती बाई बोलते कारण समोरच्या मुलीनं शब्द दिलेला असतो की ताई, हे कुणाला कळणार नाही. आणि रात्री तीच मुलगी, वेळ वाचावा म्हणून, ते रेकॉर्डिंग नावागावासकट कुठल्यातरी फुकट ॲपमध्ये टाकते आणि म्हणते, याचा सारांश करून दे.

तिला यात काही चुकलं असं वाटत नाही. कारण तिला कुणी सांगितलंच नाही की ते बोलणं आता परदेशातल्या एका कंपनीच्या सर्व्हरवर गेलं, आणि फुकटच्या सेवेत ते पुढच्या यंत्राच्या प्रशिक्षणाला वापरलं जाण्याची शक्यता आहे. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्या कायद्यात संशोधनाला काही अटींवर सवलत आहे. त्या बाईला दिलेल्या शब्दाला सवलत नाही. संमतीपत्रात एक ओळ वाढवा: हे बोलणं कुठल्याही एआय सेवेला दिलं जाईल की नाही. आणि 'दिलं जाईल' असं लिहायचं असेल, तर ते त्या बाईला तिच्या भाषेत समजावून सांगायची हिंमत ठेवा. तसं सांगताना जीभ अडखळली, तर द्यायचं नाही.

राहिला प्रश्न कबुलीचा. एआय वापरलं हे प्रबंधात लिहायचं का? लिहायचं. कुठलं, कशासाठी, कुठल्या प्रकरणात, आणि त्यातलं काय स्वतः तपासलं. प्रकाशन नीतिमत्तेवर काम करणाऱ्या 'कोप' या संस्थेनं २०२३ मध्येच सांगितलं की एआयला लेखक म्हणून नाव देता येत नाही, कारण ते मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही. जबाबदारी माणसाची, म्हणून कबुलीही माणसाची. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, १९१९ ते १९६६, सत्तेचाळीस वर्षं, १,२५९ हस्तलिखितं तपासून. त्या आवृत्तीत वर श्लोक आहे आणि खाली कुठल्या पोथीत काय पाठ आहे ते सगळं उघड मांडलेलं आहे. संपादकांचा निर्णय पटला नाही तर वाचकाला तिथल्या तिथे वाद घालता येतो. आपल्या प्रबंधाचं पान तितकं उघडं असावं, इतकीच अपेक्षा आहे.

पण विद्यार्थी कबुली देत नाहीत, कारण कबुली दिली की गाइड ओरडतात. अनेक गाइडनी स्वतः हे यंत्र कधी नीट वापरून पाहिलेलं नाही. काही जण रोज वापरतात आणि वर्गात बंदी घालतात. विद्यार्थ्याला दोन्ही दिसतं. म्हणून पहिलं शिक्षण गाइडचं व्हायला हवं. नियमानं प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. चार जणांची प्रकरणं वाचून होत नसतील तर चार घेऊ नयेत. वाचलेल्या प्रकरणात खोटा संदर्भ लपत नाही, न वाचलेल्या प्रकरणात काहीही लपतं.

डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत, पीएचडी करून पोरं काय दिवे लावणार, असा सवाल झाला तेव्हा राज्यभरातले संशोधक विद्यार्थी संतापले. संताप रास्त होता. फेलोशिप महिनोन्महिने थकते, घरचे लग्नाचं विचारतात, तिशी उलटते, आणि वर हे ऐकायचं. पण बनावट संदर्भांचा एक प्रबंध उघडा पडला की त्या सवालाला बळ येतं आणि प्रामाणिक शंभर जण त्यात भरडले जातात. यंत्र वापरू नका असं मी या मुलांना सांगणार नाही. इंग्रजीचं ओझं त्यानं हलकं होत असेल तर जरूर करावं. प्रोग्राममधली चूक शोधायला, एखादी सांख्यिकी चाचणी समजून घ्यायला, आपल्या युक्तिवादावर कुठले आक्षेप येतील ते आधीच पाहायला ते वापरावं. प्रश्न आपला, नमुना आपला, निष्कर्ष आपला आणि चुकलं तर मान आपली, हे पक्कं असेल तर भीती नाही.

जयसिंगपूर, कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातल्या गाइडना माझी एकच विनंती आहे. या आठवड्यात तुमच्या विद्यार्थ्याच्या प्रकरणातले कोणतेही पाच संदर्भ निवडा आणि ते त्याला तुमच्यासमोर उघडून दाखवायला सांगा. ज्या पानाचा हवाला दिलाय ते पान काढायला सांगा, त्यावरचं वाक्य मोठ्यानं वाचायला सांगा. एक जरी उघडला नाही तर प्रकरण परत करा, आणि शेजारी बसून तो संदर्भ कसा शोधायचा ते शिकवा. नोटीस नको, टक्का नको, कार्यशाळेची वाट बघायला नको. तुम्ही, तो आणि पाच संदर्भ, इतकंच लागतं.